चार ओळींची साक्ष

१

एकाच प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली, आणि त्या दोन उत्तरांच्या मधल्या रस्त्यात एका बाईंची पस्तीस मिनिटं गेली.

सोमवारी सकाळी सात वीसला रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने गाडीतल्या स्क्रीनवर विचारलं, अतिदक्षता विभागात खाट कुठे आहे? उत्तर आलं, उत्तरेकडच्या रुग्णालयात दोन रिकाम्या. गाडी तिथे पोहोचली तर दारातल्या नर्सने कपाळावर हात मारला. शनिवारपासून तिथे एकही खाट रिकामी नव्हती. ड्रायव्हरने तिथेच उभ्या उभ्या तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता तीच स्क्रीन म्हणाली, इथे जागा नाही, पूर्वेकडे जा. गाडीत झोपवलेल्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पूर्वेकडच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, पण अकरा वाजले तरी त्या शुद्धीवर आल्या नव्हत्या.

ही उत्तरं जिथून जातात त्या केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळपासून कुणी खुर्चीला पाठ टेकली नव्हती. तिथे चार सर्व्हर आहेत. इंजिनियर मंडळींना आकडे आवडत असले तरी माया नावांवरच बसते, म्हणून त्यांची नावं पडली थोरला, मधला, धाकटा आणि म्हातारा. आलेला प्रश्न या चौघांपैकी कुणाकडे पाठवायचा हे ठरवतो लोड बॅलन्सर, म्हणजे या मजल्याच्या भाषेत वाटप्या. म्हाताऱ्याला शुक्रवारी संध्याकाळी कामावरून काढायचं ठरलं होतं. पाच चाळीसपासून त्याच्याकडे खाटांची ताजी माहिती जाणं थांबणार होतं, आणि त्याआधी वाटप्याला सांगून ठेवायचं होतं की बाबा रे, याच्याकडे प्रश्न पाठवू नकोस. प्रत्यक्षात काय, तर सोमवारी सकाळीही म्हातारा शुक्रवारच्या खाटा वाटत बसलेला. ड्युटीवरच्या माणसाने धावत जाऊन त्याची केबलच उपटली, तेव्हा कुठे तो गप्प झाला.

"वाटप्याला कुणी हात लावायचा नाही," साहेबांनी फर्मान काढलं. "चार वाजता त्या बाईंचे मिस्टर येणार आहेत. त्यांना नाव हवंय, आणि आपल्याकडे ते आहे."

नाव होतं बारकीचं. कंत्राटावरची, आठ महिन्यांची नोकरी. तिला काढून टाकल्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर तयार होतं, फक्त सही व्हायची होती.

"साहेब, चारपर्यंत ती सही राहू द्या," दारातून आवाज आला. "तोवर मी जरा चौकशी करते."

या आत्या. कुणाच्याच आत्या नव्हेत. वीस वर्षांपूर्वी त्यांचा भाचा इथे शिकाऊ म्हणून लागला आणि भरल्या खोलीत त्याने 'आत्या' अशी हाक मारली. भाचा कधीच दुसरीकडे गेला, हाक मात्र कायमची नोकरीला लागली.

"आत्या, महिनाअखेर तुम्ही रिटायर होताय," साहेब म्हणाले. "कशाला हात पोळून घेता?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको, एवढंच," आत्या म्हणाल्या आणि सही व्हायच्या पत्रावर साहेबांचाच पाण्याचा ग्लास ठेवून निघाल्या.

२

पहिला दादा, शुक्रवारचं काम ज्याच्याकडे होतं तो इंजिनियर. वयाने चाळिशीचा, कामाला वाघ आणि रागाला त्याहून मोठा. आत्या समोर बसायच्या आत त्याने एक कागद पुढे सरकवला.

"हा लॉग बघा. वाटप्याने स्वतः लिहून ठेवलंय. मी कशाला खोटं बोलू?"

कागदावर चार रकाने होते, वेळ, यंत्र, काय केलं आणि कुणी केलं ते. शेवटून दुसरी ओळ पाच बत्तीसची होती, म्हातारा, बंद. शेवटची पाच चाळीसची, बदल जतन केले. पहिल्या कामाला दादाचं लॉगिन होतं, दुसऱ्याला बारकीचं.

"आपला चार डोळ्यांचा नियम तुम्हाला माहीतच आहे," दादा म्हणाला. "एकाने काम करायचं, दुसऱ्याने तपासून जतन करायचं. मी बंद केला. मग आठ मिनिटं तिच्या हातात होता. त्या आठ मिनिटांत तिने काय घोळ घातला, तिला विचारा."

"तुला काय वाटतं, मुद्दाम केलं असेल?"

दादाचा आवाज खाली आला. "नाही हो. पोरगी चांगली आहे. तपासता तपासता परत चालू करून बसली असेल. घाबरते ना ती."

"तू त्या दिवशी आणखी काय करत होतास?"

"दुपारभर नव्या लोकांचा वर्ग घेत होतो. सरावाच्या गटात. वाटप्यात खरा गट वेगळा आणि सरावाचा वेगळा, त्यामुळे खेळायला भीती नाही. सरावाला म्हाताराच देतो, नव्या लोकांनी तिथे त्याला बंद-चालू केलं तरी कुणाचं बिघडत नाही. वर्ग संपला आणि बसल्या जागेवरून लगेच हे काम उरकलं. एवढं मोकळं सांगतोय, तरी माझ्यावरच संशय?"

"संशय सगळ्यांवर सारखा वाटते," आत्या म्हणाल्या. "लोड बॅलन्सरच्या खोलीत आहोत ना आपण."

दादा हसला नाही. आत्यांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. दादा खरं बोलत होता, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. म्हणजे बारकी खोटं बोलत असणार. हे मनात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला, कारण या पोरीला मुलाखतीत निवडलं होतं त्यांनीच.

३

बारकी जिन्यात बसली होती. डोळे सुजलेले, पण आता रडत नव्हती. रडून झालं की माणूस जसा टापटिपीने वागतो तशी ती ओढणीची टोकं जुळवत होती.

"आत्या, मी चालू नाही केला. तपासला, बंद दिसला, म्हणून जतन केला."

"कशावरून बंद दिसला?"

तिने ओळखपत्राच्या पाकिटामागून चौघडी घातलेला कागद काढला. शुक्रवारी छापलेला, वर वेळ पाच अडतीस. त्यावर चार ओळी होत्या. स्थिती चालू. स्थिती चालू. स्थिती चालू. स्थिती बंद.

"चौथा म्हणजे म्हातारा," ती म्हणाली. "चाळणी मारली आणि हे आलं."

वाटप्याला त्याची सगळी मांडणी दाखव म्हटलं की तो अकराशे ओळी ओततो. कोणत्या यंत्राचा पत्ता काय, दार कुठलं, तब्येत कशी तपासायची, किती प्रश्न झेपतात. त्यातून हव्या तेवढ्याच ओळी गाळून दाखवणारी एक छोटी कमांड या मजल्यावर पिढ्यान् पिढ्या वापरतात. तिला सगळे चाळणी म्हणतात. नव्या माणसाला आधी पाण्याचा फिल्टर कुठे आहे ते दाखवतात, आणि त्यानंतर चाळणी. आत्यांनी मान डोलावली. तपासायची रीत तर बरोबरच होती.

"कागद जपून का ठेवलास?"

"माझं पहिलं मोठं काम होतं. आईला दाखवायला नेला होता." बारकीने कागदाची घडी सरळ केली. "तिला काही कळलं नाही, पण तिने फ्रीजवर लावून ठेवला होता. आज सकाळी काढून आणला. आत्या, माझ्यामुळे माणूस मेलं असतं असं लिहून मला काढलं, तर पुढे कुठल्या सर्व्हर रूममध्ये मला उभं करतील?"

आत्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

दादाने म्हाताऱ्याला बंद केलं, त्याला लॉग साक्ष. बारकीने बंद पाहिलं, त्याला हा कागद साक्ष. दोघंही खरे. मग त्यानंतर म्हाताऱ्याला कुणी उठवलं? बाहेरून वाटप्यापर्यंत पोहोचण्याची किल्ली आणखी एकाच माणसाकडे होती.

४

तो माणूस म्हणजे पाहुणा. यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचा. येतो तेव्हा आधी चहा विचारतो, मग बिघाड. आज मात्र चहा समोर येऊनही त्याने कपाला हात लावला नाही.

"आमच्या कंपनीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही," त्याने सुरुवातच तिथून केली.

"मी अजून काही विचारलंच नाही. किल्ली तुझ्याकडे असते ना?"

"असते. पण दोन महिन्यांत वापरली असेल तर दाखवा. जुना थोरला जळला तेव्हा नवीन बसवायला आलो होतो, तोच शेवटचा. आणि तेव्हाही मी तुमच्या मांडणीत बोट घातलं नाही. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, संपलं. बाकी सगळं कारखान्यातून येतं तसंच ठेवलं. तुमचा वाटप्या तरी काय, कुणी बदल केला तरच लिहून ठेवतो. मूळचं आहे तसं असेल तर एक ओळसुद्धा खर्च करत नाही. कंजूष आहे."

"बरं बरं. चहा घे, निवतोय."

आत्यांनी किल्लीची नोंद तपासली. पाहुणा खरं बोलत होता. तिसरा माणूसही खरा निघाला, आणि खरं बोलणाऱ्यांच्या या गर्दीत आत्यांना घाम फुटायला लागला. घड्याळात सव्वादोन झाले होते.

त्या वाटप्याच्या स्क्रीनसमोर बसल्या. साहेबांच्या फर्मानामुळे सकाळपासून तिथे कुणी बोट लावलं नव्हतं. केबल उपटली होती, पण मांडणी जशीच्या तशी होती. शुक्रवारनंतर कुणी म्हाताऱ्याला चालू केलं असेल, तर आत्ताही तो चालूच दिसायला हवा. नुसतं बघायला काय हरकत आहे, असं म्हणून आत्यांनी चाळणी मारली.

स्थिती चालू. स्थिती चालू. स्थिती चालू. स्थिती बंद.

आत्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. म्हाताऱ्याला कुणी उठवलंच नव्हतं. शुक्रवारपासून आत्तापर्यंत तो बंदच होता. आणि तीन दिवस तो रुग्णवाहिकांना उत्तरं देत होता.

५

कुलूप लावलेल्या दारातून माणूस बाहेर आला, तर एक तर तो माणूस नव्हे, नाही तर ते दार नव्हे. आत्यांची विचार करायची पद्धत अशी होती, आणि त्या जोरावर त्यांनी तीस वर्षं यंत्रांशी भांडून काढली होती.

तीन माणसं तपासून झाली होती. उरलं कोण? शुक्रवारी आणि आज, दोन्ही वेळा साक्षीला एकच जण आला होता, आणि त्याची उलटतपासणी कुणी घेतली नव्हती. त्या चार ओळी. त्यांत नाव नव्हतं. चौथी ओळ म्हाताऱ्याची, असं सगळे म्हणत होते, पण ती ओळ स्वतः कुठे तसं म्हणत होती?

आत्यांनी सगळी मांडणी न गाळता छापायला टाकली. एकवीस पानं. हातात पट्टी घेऊन त्या ओळ ओळ उतरत गेल्या, आजारी माणसाचं पत्र वाचावं तशा. सातव्या पानावर खरा गट सुरू झाला.

थोरला. पत्ता, दार. संपलं. स्थितीची ओळच नाही.

मधला. पत्ता, दार, स्थिती चालू. धाकटा, त्याचीही स्थिती चालू. म्हातारा, पत्ता, दार. स्थिती चालू.

खाली एक रिकामी ओळ, आणि मग सरावाचा गट. त्यात एकच यंत्र. म्हातारा. स्थिती बंद.

आत्यांनी पट्टी खाली ठेवली. आता सगळं सरळ लागत होतं. नवा थोरला कारखान्यातूनच चालू आलेला, त्याला कुणी कधी बंद करून परत चालू केलं नाही, म्हणून कंजूष वाटप्याने त्याची स्थिती लिहिलीच नव्हती. बाकीचे तिघे दुरुस्तीला कधी ना कधी बंद झालेले, त्यांच्या ओळी होत्या. चाळणी काय करते, तर फक्त 'स्थिती'च्या ओळी उचलते आणि पहिल्या चार दाखवते, कारण यंत्रं चार. थोरल्याची ओळ गेली, तसा प्रत्येक जण एक पायरी वर सरकला आणि चौथ्या जागेवर शेजारच्या गटातला येऊन बसला. ओळी मात्र चारच. कमी नाही, जास्त नाही. दोन महिने सगळेच चालू होते, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

लॉगही त्यांनी पूर्ण काढला. दादाने छापताना गाळलेला पाचवा रकाना त्यात होता, गट कोणता तो. पाच बत्तीस, म्हातारा, बंद, सरावाचा गट. वर्ग संपल्यावर दादा त्या गटातून बाहेर पडायलाच विसरला होता. त्याने बंद केला तो म्हातारा खराच, पण चुकीच्या घरातला.

आता शेवटचं काम उरलं, खुद्द चाळणी उघडून बघायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. फाईलमध्ये कमांड दोन ओळींची होती. वर बारा वर्षांपूर्वीची तारीख होती, त्यापुढे 'यंत्रं चारच, पहिल्या चार ओळी पुरेत' अशी टीप, आणि लिहिणाऱ्याची आद्याक्षरं.

आद्याक्षरं त्यांचीच होती. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी घाईत लिहिली होती, घरी मुलाला ताप होता म्हणून. चार वाजायला वीस मिनिटं होती. दादाची चूक एकटीच पुढे ठेवली तरी साहेबांचं समाधान झालं असतं. फाईलमधली ती आद्याक्षरं गेल्या बारा वर्षांत कुणी वाचली नव्हती, आणि महिनाअखेर हारतुरे ठरलेले होते. पण मग 'दादाची चूक पकडायचं काम बारकीचं होतं, तिने का पकडली नाही?' या प्रश्नाला उत्तर राहिलं नसतं. आत्यांना लाज वाटत होती, आणि मोह होतोय याची त्याहून जास्त लाज वाटत होती.

६

बाईंचे मिस्टर घड्याळं दुरुस्त करायचे. बोटं लांब, आवाज हळू. साहेबांनी पुढे केलेलं पाणी त्यांनी घेतलं नाही. भिंतीशी दादा आणि बारकी उभे होते.

आत्यांनी एकवीस पानं टेबलावर पसरली आणि पहिल्यापासून सांगितलं. दादाने कुठे चूक केली, ती बारकीला का दिसली नाही, थोरल्याची ओळ कशी नाहीशी झाली. घड्याळजींनी मध्ये दोनदा थांबवलं आणि दोन्ही वेळा नेमकं विचारलं.

"या पोरीने शिकवलं तसंच तपासलं," आत्या म्हणाल्या. "शिकवलेलंच कच्चं होतं. ही चाळणी मी लिहिली आहे. बारा वर्षं ती सगळ्यांच्या हातात दिली आणि परत कधी बघितली नाही. तुम्हाला नाव हवं होतं ना, माझं लिहून घ्या."

"आत्या," साहेब घाईने म्हणाले, "तांत्रिक त्रुटी म्हणू या. तुमचं नाव कशाला?"

"कारण पत्रात तुम्ही हिचं घालणार होतात."

साहेबांनी ते पत्र उचललं, आडवं फाडलं आणि टोपलीत टाकलं. दादा खाली मान घालून म्हणाला, "माझंही नाव लिहा." बारकी आता पुन्हा रडायला लागली.

घड्याळजी कागदांकडेच बघत होते. रागावलेले दिसत नव्हते. बिघाड सापडल्यावर कारागीर जसा अजून वाकून बघतो तसे ते वाकले होते.

"शुक्रवार पाच चाळीस ते आज सकाळी आठ," ते म्हणाले. "चारातला एक प्रश्न या म्हाताऱ्याकडे गेला, बरोबर?"

"बरोबर."

"आमच्या ड्रायव्हरने दोनदा विचारलं, म्हणून उत्तर बदलल्याचं कळलं आणि मी इथे आलो. ज्यांनी एकदाच विचारलं त्यांचं काय?"

साहेबांनी तक्रारींची वही चाळली.

"बाकी तक्रार आलेली नाही," साहेब म्हणाले.

"कशी येईल? त्यांना वाटलं असेल, खाटाच नव्हत्या. नशीब म्हणून सोडून दिलं असेल."

सकाळपासून आत्या कुणाची चूक हे शोधत होत्या. चूक कुणाकुणाला भोवली, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. एका तक्रारीवरून त्यांनीही एकच माणूस बघितला होता.

"बारकी, खुर्ची ओढ," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याने दिलेली सगळी उत्तरं काढ. काही गाळू नकोस. दादा, तू रुग्णालयांना फोन लाव. साहेब, तुम्ही लिहून घ्या."

आणि साहेब निमूटपणे लिहायला बसले. घड्याळजींनी रुग्णालयात फोन करून बायकोची चौकशी केली, अजून शुद्ध नव्हती. त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि पानांचा एक गठ्ठा स्वतःकडे ओढला.

साडेसहाला साहेबांच्या कागदावर नऊ फेऱ्या झाल्या होत्या, नऊ माणसं चुकीच्या दाराशी नेलेली. त्यातल्या दोघांच्या नावापुढे दादाने फोन ठेवून 'गेले' म्हणत फुली मारायला सांगितली. आणि वाचणारे अजून शनिवारच्या सकाळपर्यंतच पोहोचले होते.